मागच्या बंपरची पट्टी

भडगावात लांबड्या पांढऱ्या गाडीचे सुकदेव आबा म्हटलं की कोणीही घर दाखवायचं. गाडी आबांची होती, पण ती त्यांच्या दारात आली तेव्हा तिचं निम्मं आयुष्य सरलेलं होतं आणि आबांचंही. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडे ते पंचवीसेक वर्षं ड्रायव्हर होते. शेठ गेले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या, आणि ही जुनी गाडी, जिची कंपनीही कधीच बंद पडली होती, शेडमध्ये धूळ खात राहिली. शेवटी शेठाणी एक दिवस म्हणाल्या, "सुकदेव, तूच घेऊन जा हिला. तुझ्याशिवाय तिला कोणी नीट चालवली नाही."

आबांनी ती घरी आणली. त्यामागे नुसती गाडीची हौस नव्हती. पंचवीस वर्षं त्यांनी प्रत्येक लग्न, प्रत्येक साखरपुडा मांडवाच्या बाहेरून पाहिला होता. शेठ आत जायचे, हे गाडीपाशी उभे राहायचे. कोणीतरी ताट आणून बॉनेटवर ठेवायचं आणि म्हणायचं, "ड्रायव्हर, जेवून घ्या." स्वतःची गाडी घेऊन ते पहिल्यांदा एका लग्नाला गेले तेव्हा दारावरच्या माणसाने हात धरून त्यांना आत नेलं आणि खुर्ची दिली. ती खुर्ची गाडीमुळे मिळाली, असं आबांच्या मनाने घेतलं ते कायमचं.

दिपमाला त्यांची एकुलती मुलगी. बी.कॉम. झालेली, बोलायला गोड, हिशेबाला पक्की. दोंडाईच्याच्या रतिलाल आप्पांनी आपल्या पियुषसाठी तिला मागणी घातली तेव्हा आबांच्या बायकोला, भिकुबाईला, जरा धाकधूक वाटली होती. रतिलाल आप्पांचा मिरचीचा मोठा व्यापार, दोन ट्रक, दारात एवढं मोठं पटांगण. पण आबा म्हणाले, "आपण काय कमी शेतस?" आणि लग्न झालं.

खान्देशात लेकीला माहेरी आणायला जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण जवळ आला की भाऊ बहिणीला घ्यायला निघतात. दिपमालाला भाऊ नव्हता, म्हणून दरवर्षी आबाच मुराळी व्हायचे. पहाटे गाडी धुवायचे, पांढरं धोतर नेसायचे, पारोळ्यावरून धुळे आणि पुढे दोंडाईचा असा प्रवास करून व्याह्यांच्या पटांगणात गाडी उभी करायचे. दोन वर्षांनी नात झाली, डिंपल. मग ती मागच्या सीटवर उभी राहून भडगावपर्यंत गाणी म्हणायची.

घोटाळा झाला तो गेल्या हिवाळ्यात. रतिलाल आप्पांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा होता. पटांगणात मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. आबांनी गाडी मागे घेतली आणि मागच्या बंपरची पट्टी खाली गळून पडली. बंपर आणि बॉडी यांच्यामध्ये जी फट असते ती झाकायला कंपनीने एक मऊ पट्टी दिलेली असते. खान्देशच्या उन्हाने ती वर्षानुवर्षं वाळत गेली होती, तिला भेगा पडल्या होत्या, आणि नेमकी त्या दिवशी तिची वेळ भरली. रतिलाल आप्पांनी तो तुकडा उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि मोठ्याने म्हणाले, "व्याही, तुमनी गाडीना दात पडना आमना दारमा!"

सगळं पटांगण हसलं. आबाही हसले. जेवणाच्या पंगतीत एक जण म्हणाला, "आबा, मऊ मऊ वाढू का? दात शेतस ना?" आबा त्यालाही हसले.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी दोनदा गाडी थांबवली आणि मागे जाऊन ती उघडी फट पाहिली.

पुढे दिपमालाच्या फोनवरून कळत गेलं की तो तुकडा त्या घरात अजून पडलेलाच आहे. भाजीत मीठ कमी झालं तरी पियुष म्हणायचा, "बापाची गाडी तशी पोरगी." पुढे पुढे तिने हेही सांगणं बंद केलं. फोन येत, पण लहान. डिंपल बरी आहे, पाणी दोन दिवसांनी येतं, ठेवते.

आखाजी पंधरवड्यावर आली असताना एका दुपारी भिकुबाईच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. दिपमाला शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. आवाज दाबलेला. भिकुबाईने फोन आबांच्या हातात दिला.

"आबा, माले लेवाले या. आखाजीनी वाट नका पाहू."

"काय व्हयनं, बेटा?"

"तुम्ही या. मंग सांगसू."

"गाडीचं मागलं काम राहिलंय, तेवढं—"

"गाडी कशीबी ऱ्हावो, आबा. नहीतं यष्टीनी या. पन या."

फोन बंद झाला. भिकुबाई समोर उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "आत्तेच निघा. तीनची यष्टी शे."

आबा म्हणाले, "उद्या सकाळी गाडी घेऊन निघतो."

"आज काय व्हस?"

आबांनी तिला समजावलं. लेक सणाच्या आधी, न बोलावता आणायची, म्हणजे व्याह्यांसमोर बसून दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्या लागणार. एसटीतून उतरून, पिशवी हातात घेऊन गेलेल्या माणसाचं तिथे कोण ऐकेल? आणि गाडी नेली तर मागची उघडी फट बघून तो पुन्हा दात काढणार. एकदा माणूस हसला की त्याच्याशी रागाने बोलता येत नाही. "धुळ्याला मगन मिस्तरीकडे एक दिवसाचं काम आहे," आबा म्हणाले. "पट्टी बसवून संध्याकाळी दोंडाईचा गाठतो. मानानं आणू पोरीला."

त्यांचं बोलणं भिकुबाईला पटलं नाही, पण ते खोटं आहे असंही तिला म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आबा सकाळी निघाले. गाडी वळणाआड जाताच तिने शेजारणीच्या त्या नंबरवर फोन लावला आणि निरोप दिला: दिपमालाला सांगा, आबा निघालेत.

मगन मिस्तरीचं गॅरेज धुळ्यात, मालेगावच्या रस्त्याला. शेठच्या काळापासून आबांची त्याच्याशी ओळख. डेंटिंग-पेंटिंगमध्ये हात चांगला, पण काम कासवाच्या चालीने. आबांनी त्याला सांगितलं, "आखाजीले पोरले लेवाले जानं शे. मागली पट्टी पाहिजे." एवढंच सांगितलं. फोनचं सांगितलं नाही. घरातली गोष्ट गॅरेजमध्ये कशी काढायची?

"मंग घाई काय शे?" मगन म्हणाला. "आखाजीले अजून टाइम शे. चहा ल्या."

या गाडीच्या पट्ट्या नव्या मिळत नाहीत हे आबांना माहीत होतं. मागच्या बाजूला तीन तुकडे असतात, दोन कोपऱ्यांचे आणि एक मधला. मगनने आधी फायबरचे आणवले. एक कारागीर जुन्या तुकड्यावरून साचा काढून ते बनवतो. दिसायला एकदम गुळगुळीत. मगनने बसवून दाखवले. आबा खाली वाकले, एक डोळा मिटून त्यांनी फट पाहिली. डाव्या बाजूला फट बोटभर, उजव्या बाजूला जेमतेम सुई जाईल एवढी. त्यांनी तुकड्यावर नखाने टकटक केलं.

"कडक शे," ते म्हणाले.

"फायबर शे, आबा. कडक तं ऱ्हाईच. बंपरले कोनी धक्का दिधा तं तडकी जाई, हाई खरं."

"मंग नको. आणखी एकदा तिथं तडकली तर मला तोंड दाखवता यायचं नाही."

"तिथं म्हणजे कोठे?"

आबांनी उठून धोतराची धूळ झटकली.

दुपारी मगनने रबराची जाड शीट काढली. ही कापून, गरम करून वाकवता येते. कधी तुटणार नाही. पण रबरावर रंग धरत नाही, चार महिन्यांत पापुद्रे निघतात, आणि काळी ठेवली तर पांढऱ्या गाडीला मागून काळी मिशी लावल्यासारखी दिसते. मगन स्वतःच हसला. आबा म्हणाले, "नको."

"आबा, गाडी शे का सून शे? इतलं निरखीसन तं लोके पोरगी बी पाहत नहीत."

गॅरेजमधली माणसं हसली. आबांनी खिशातून मोबाइल काढून पाहिला. कोणाचा फोन नव्हता. त्यांना बरं वाटलं. फोन नाही म्हणजे सगळं शांत आहे.

तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. दोंडाईच्याला त्या वेळी काय चाललं होतं ते आबांना फार उशिरा कळलं.

तिसरा उपाय होता मूळ कंपनीचे जुने तुकडे. असल्या गाड्या मोडून विकणारा एक भंगारवाला होता, त्याच्याकडे तशाच दोन गाड्या पडून होत्या. संध्याकाळी मगन आणि आबा तिथे गेले. एका गाडीचे दोन्ही कोपरे चांगले होते, अजून लवचीक. मधला तुकडा दुसऱ्या गाडीचा, तोही धड. आबांनी तो हातात घेऊन हळूच वाकवला. तो वाकला आणि परत सरळ झाला. कितीतरी दिवसांनी आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"हाई," ते म्हणाले. "हाईच."

पण दोन गाड्यांचे तुकडे, दोन रंगांचे. आणि आबांच्या गाडीचा पांढराही आता पांढरा राहिला नव्हता, सायीसारखा झाला होता. तुकडे घासायचे, अस्तर मारायचं, रंग जुळवायचा, मग वाळवायचे. मगन म्हणाला, "आबा, आज फायबरच ठोकी देऊ. जाऊन या पोरकडे. आल्यावर सावकाश हे बसवू." त्याला काही माहीत नव्हतं, तरी त्याने तोच बरोबर सल्ला दिला. आबांनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पटांगण आलं, वर धरलेला तो तुकडा आला.

"रंग जुळव," ते म्हणाले.

आबा रात्री गॅरेजमध्येच झोपले. बुधवारी रंग जुळवला, तो पिवळट झाला. गुरुवारी पुन्हा जुळवला. त्या उन्हात रंग बाहेर ठेवला तर फोड येतात, म्हणून सावलीत वाळवावा लागला. भिकुबाईचे फोन येत होते. "पोरना फोन लागत नही," ती म्हणायची. "शेजारीन बी उचलत नही." आबा म्हणायचे, "उद्या निघतोच." आपण सांगितलं तर मगन हातातलं सगळं टाकून तासाभरात गाडी देईल, हे त्यांना कळत होतं. पण सांगायचं म्हणजे, माझी लेक सासरी सुखात नाही आणि मी इथे रंग जुळवत बसलोय, असं सांगायचं. ते शब्द त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत.

शनिवारी सकाळी पट्ट्या बसल्या. फट दोन्हीकडे सारखी. कुठून जोडलंय ते मगनलाही दाखवता आलं नसतं. आबांनी धोतर बदललं आणि ते दोंडाईच्याला निघाले.

रतिलाल आप्पा पटांगणातच होते. ते उठून पुढे आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. "वा, व्याही! नवे दात बसवले!" पण या वेळी आवाजात टिंगल नव्हती. त्यांनी आबांना हात धरून आत नेलं, गादीच्या खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. पियुषने वाकून नमस्कार केला. इतका मान त्या घरात आबांना कधी मिळाला नव्हता. त्यामुळेच ते सावध झाले.

दिपमाला पाणी घेऊन आली. तिने तांब्या डाव्या हातात धरला होता. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता.

"काय झालं?"

रतिलाल आप्पाच बोलले. "शेगडीवर पडली. चक्कर आली. डॉक्टरला दाखवलं, काळजीचं काही नाही."

"डिंपल कुठे?"

"तिच्या आत्याकडे पाठवली नंदुरबारला. मजेत आहे. हिच्या हाताला आराम नको का?"

आबा उभे राहिले. धुळ्यापासून वाटेत मनात घोळवलेलं एकही वाक्य आता आठवेना. ते एवढंच म्हणाले, "मी पोरीला न्यायला आलोय."

"न्या की," रतिलाल आप्पा म्हणाले. "आम्ही कधी नाही म्हटलं? तिलाच विचारा."

दिपमाला खाली बघत म्हणाली, "यंदा नाही येत, आबा."

निरोप द्यायला म्हणून ती गाडीपर्यंत आली. पियुष ओट्यावर उभा राहून पाहत होता. तिने तोंड न उचलता बोलायला सुरुवात केली.

"आईनी निरोप धाडा, आबा निघनात म्हनीसन. घरी आलात तं हाई लोके तमाशा करतीन म्हनीसन मी डिंपलले लिसन स्टँडवर जाई बसनू. सोनगीरकडथून येनारी गाडी तठूनच जास ना. सकायपाशी बसनू. दोन वाजापावत बसनू."

आबांचा हात गाडीच्या दारावर होता.

"कोनीतरी दखं, यासले सांगं. हाई लेवाले उनात." तिने डोळ्यांनीच ओट्यावरचा पियुष दाखवला, मग पट्टीतला हात जरासा उचलला. "मंग घरी हाई व्हयनं. आनि दुसरा दिन डिंपलले लइ ग्यात. कोनत्या आत्याकडे, ते बी सांगत नहीत. ती जोपावत आठे येत नही, तोपावत मी कशी निघू?"

"चल, बस गाडीत. डिंपलचं पाहू आपण. पोलिसात जाऊ."

"तिले कोठे लपाडतीन मंग?"

ती मागे फिरली. चार पावलं गेल्यावर वळून, ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावकाश जा, आबा. आईले सांगा, मी बरी शे."

आबा रिकामी गाडी घेऊन भडगावला आले. वाटेत त्यांनी कुठेही गाडी थांबवली नाही. दारात भिकुबाई होती. तिने मागची सीट पाहिली, मग आबांचं तोंड पाहिलं. आबांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. मंगळवारी दोन वाजता आपण रबर बघत होतो हेही सांगितलं. भिकुबाईने ऐकून घेतलं. तिने शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. आत जाऊन तिने पिशवी भरली.

"मी सोडतो तुला," आबा म्हणाले.

"नको."

ती पहाटेच्या एसटीने गेली. आधी दोंडाईचा, मग नंदुरबार. आखाजीला आबा घरात एकटे होते. पितरांची घागर कोणी भरली नाही. भिकुबाई आठ दिवस बहिणीकडे शहाद्याला राहिली, ओळखीपाळखीच्या बायकांना धरून तिने आत्याचं घर शोधलं. ते सापडलं तेव्हा डिंपल तिथून हलवलेली होती. मग वकील झाला, पोलीस झाले, जातीतल्या शहाण्या माणसांच्या बैठका झाल्या. त्या बैठकांना आबा गाडी घेऊन गेले आणि खुर्चीवर बसले. तिथे त्यांना कोणी हसलं नाही. त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही. विचारायचं ते भिकुबाईला विचारत.

दिपमाला आणि डिंपल भडगावला आल्या तेव्हा पावसाळा निम्मा उलटला होता. दिपमालाच्या उजव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नव्हती. डिंपल आता गाणी म्हणत नसे. कोणी दार वाजवलं की आजीच्या पदरात शिरे. दिपमालाने एका खताच्या दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं, डाव्या हाताने संगणकावर. बापाशी ती वाईट वागत नव्हती. चहा द्यायची, औषधाची आठवण करायची. त्या मंगळवारबद्दल तिने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. आबांना वाटायचं, एकदा बोलावं, भांडावं. ते दोनदा स्वतः बोलायला गेले. तिने शांतपणे ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "जेवन थंड व्हई ऱ्हायनं."

शिंदखेड्याच्या कोर्टात पहिली तारीख लागली. आबांनी आदल्या संध्याकाळी गाडी धुतली, टाकी भरली, सकाळी ती दारात लावून ठेवली. दिपमाला डिंपलला घेऊन बाहेर आली, मागून भिकुबाई. दोघी गाडीला वळसा घालून रस्त्याला लागल्या.

 आबांनी गाडीला कुलूप लावलं आणि त्यांच्यामागे स्टँडवर गेले.

एसटीत गर्दी होती. बायकांना जागा मिळाली, डिंपल आईच्या मांडीवर झोपली. आबा दांड्याला धरून उभे राहिले. पारोळ्याच्या अलीकडे कंडक्टर मागे आला. दिपमालाने डाव्या हाताने पर्स उघडली.

"दोन द्या."

कंडक्टरने तिकिटं काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "आबा तुमच्यासोबतच ना?"

दिपमालाने डिंपलच्या डोक्याखालचा हात नीट केला.

"त्यांचं ते काढतील," ती म्हणाली.